आधी जमीन वाचा, मग चाके फिरवा

(पालक, शिक्षक व विद्यार्थी यांच्या एकत्रित मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला 'छंद म्हणून रोबो' या विषयावर बोलण्यास सांगितले आहे. मी व्यवसायाने अभियंता. सारी उमेद कारखान्यात गेली. निवृत्तीनंतर आमच्या वसाहतीतील सभागृहात दर रविवारी सकाळी मुलांना जमवून छोटी यंत्रे करण्याचा एक वर्ग चालवतो. वर्ग म्हणजे काय, तर दोन सतरंज्या, एक जुने मेज, डाग देण्याच्या तीन इस्त्र्या, पेचकस, पक्कड आणि पंधरा-वीस मुले. शुल्क नाही, परीक्षा नाही आणि प्रमाणपत्रही नाही. प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर काही पालक दुसऱ्या रविवारपासून मुलांना पाठवीत नाहीत, हा भाग वेगळा.

आज मी तुम्हाला यंत्रांविषयी थोडे सांगणार आहे आणि शेवटी माझ्या हातून घडलेल्या एका चुकीविषयी सांगणार आहे. ती चूक यंत्रातली नव्हती. म्हणूनच ती पालकांपुढे आणि कार्यकर्त्यांपुढे सांगावीशी वाटते.

दोन कासवे

रोबो म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रपटातला, माणसासारखा चालणारा-बोलणारा लोखंडी पुतळा येतो. वस्तुतः छंद म्हणून केले जाणारे पहिले रोबो कसे असावेत याचा नमुना १९४८-४९ साली इंग्लंडमधील ब्रिस्टल येथे तयार झाला. ग्रे वॉल्टर नावाचे एक मेंदूशास्त्रज्ञ होते. त्यांनी तीन चाकांची दोन यंत्रे बनवली आणि त्यांची नावे ठेवली एल्मर आणि एल्सी. वर कवच असल्यामुळे लोक त्यांना कासवे म्हणू लागले. त्या कासवांना प्रकाश ओळखणारा एक डोळा होता, धडक लागल्याचे कळवणारा एक स्पर्श होता आणि विचार करण्यासाठी अवघ्या दोन निर्वात नळ्या होत्या. संगणक नव्हताच. तरीही ती कासवे अडथळ्यांतून वाट काढीत, प्रकाशाकडे जात आणि बॅटरी उतरू लागली की दिव्याच्या खुणेने आपल्या घरट्याकडे परतत.

एवढ्या अल्प साधनांतून एवढे वर्तन कसे निर्माण झाले? कारण त्या यंत्रात तीन गोष्टींची साखळी पूर्ण झाली होती. बाहेरचे जाणणे, त्यावरून ठरवणे आणि ठरवल्याप्रमाणे हालचाल करणे. हालचाल झाली की बाहेरची परिस्थिती बदलते. ती पुन्हा जाणायची, पुन्हा ठरवायचे. ही साखळी अखंड फिरत राहिली तर ते यंत्र रोबो म्हणवते. किल्ली देऊन सोडलेली मोटार भिंतीवर आदळूनही चाके फिरवीत राहते, कारण तिला भिंत ठाऊकच नसते.

आपल्याकडेही यंत्रविचाराची परंपरा जुनी आहे. अकराव्या शतकात राजा भोजाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या 'समराङ्गणसूत्रधार' या ग्रंथात एक संपूर्ण अध्याय यंत्रांना वाहिलेला आहे. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. परंतु मी मुलांना सांगतो की, अभिमानाने चाक फिरत नाही. आजोबांची तालीम मोठी होती म्हणून नातवाचे दंड भरत नाहीत. नातवाला स्वतः जोर काढावे लागतात.

नवी ज्ञानेंद्रिये

आजच्या मुलाला जी साधने सहज मिळतात ती पाहून आमच्या पिढीला हेवा वाटावा. २००५ साली इटलीतील इव्रिया या गावी आर्डुइनो नावाचे छोटे विद्युत-कार्ड जन्माला आले. विद्यार्थ्यांना परवडावे आणि फार इलेक्ट्रॉनिक्स न शिकताही वापरता यावे, हा त्यामागचा हेतू. त्याची रचना सर्वांना खुली ठेवल्यामुळे ते जगभर पसरले. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आज ते सहज मिळते. त्यात आज्ञावली भरायची, एका बाजूला संवेदक म्हणजे सेन्सर जोडायचे, दुसऱ्या बाजूला मोटरी जोडायच्या, की रोबोची कुडी तयार.

या संवेदकांपैकी सर्वांत परिचित तो ध्वनीचा. समोरून पाहिले तर दोन डोळ्यांसारखा दिसतो. एका डोळ्यातून तो सेकंदाला ४० हजार कंपनांचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि दुसऱ्याने प्रतिध्वनी ऐकतो. वटवाघूळ हेच करते. हवेचे तापमान २० अंश असेल तर ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. भिंत एक मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन येण्यास दोन मीटर तोडावे लागतात आणि त्याला सुमारे ५.८ सहस्रांश सेकंद लागतात. वेळ मोजली की अंतर कळले. सहावी-सातवीतल्या मुलाला काळ, काम, वेग यांचे गणित प्रथमच कामाला आलेले दिसते.

पण येथे एक गंमत आहे. आपल्याकडे चैत्र-वैशाखात तापमान ३५ अंशांवर गेले की ध्वनीचा वेग सुमारे ३५२ मीटर होतो. म्हणजे आज्ञावलीत ३४३ हा आकडा तसाच ठेवला तर मीटरमागे सुमारे अडीच सेंटीमीटरची चूक होते. भिंत तिरकी असेल तर आवाज भलतीकडे परावर्तित होतो. समोर जाड पडदा असेल तर तो आवाज पिऊन टाकतो आणि रोबोला वाटते, पुढे मोकळे मैदान आहे! आमच्या वर्गातला एक रोबो सभागृहाच्या मखमली पडद्यात असा काही घुसला की त्याला बाहेर काढण्यासाठी शिडी आणावी लागली.

मग मुले म्हणतात, "सर, यापेक्षा नवीन सेन्सर आणू या." नवीनही आले आहेत. नखाएवढ्या पट्टीवर बसवलेला, अदृश्य लेझर किरण सोडणारा आणि प्रकाश परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर सांगणारा संवेदक आता काहीशे रुपयांत मिळतो. प्रकाश एक मीटर जाऊन परत येण्यास सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागाच्या जेमतेम सात पट वेळ लागतो; तो वेळ हे तांदळाच्या दाण्याएवढे यंत्र मोजते. पडद्याने ते फारसे फसत नाही. परंतु स्वच्छ काचेने फसते आणि भर उन्हात त्याचा पल्ला कमी होतो. वळण किती झाले हे सांगणारा घूर्णमापकही स्वस्त झाला आहे, पण तो एका जागी स्थिर ठेवला तरी त्याचा आकडा हळूहळू सरकत राहतो.

तात्पर्य असे की, प्रत्येक ज्ञानेंद्रियाची एक मर्यादा असते. नव्याने जुन्याची मर्यादा जाते, पण ते स्वतःची मर्यादा बरोबर घेऊन येते. संवेदक विकत घेता येतो. त्याची मर्यादा मात्र स्वतःच मोजून शोधावी लागते.

चाकांचे नवल

चाकांची गोष्टही अशीच आहे. मुलांच्या रोबोला साधारणपणे ६५ मिलिमीटर व्यासाची पिवळ्या-काळ्या रंगाची चाके असतात. व्यासाला पायने गुणले की परीघ येतो सुमारे २०४ मिलिमीटर. चाकाच्या अक्षावर २० खाचांची चकती लावली आणि खाचा मोजल्या तर प्रत्येक खाचेला गाडी सुमारे एक सेंटीमीटर सरकते. वर्तुळाचा परीघ पाठ करून कंटाळलेली मुले तो या चाकापायी दहा वेळा आनंदाने काढतात.

अलीकडे मुलांना वेड लागले आहे ते आडव्या चालणाऱ्या चाकांचे. बेंग्ट इलॉन नावाच्या स्वीडिश अभियंत्याने १९७० च्या दशकाच्या प्रारंभी ही कल्पना मांडली. चाकाच्या कडेवर ४५ अंशांच्या कोनात तिरके बसवलेले छोटे रूळ असतात. अशी चार चाके चार कोपऱ्यांना लावली आणि प्रत्येकाला स्वतंत्र मोटर दिली की गाडी पुढे, मागे, तिरकी आणि चक्क आडवीही जाते. उजवीकडे आडवे जायचे तर पुढचे डावे व मागचे उजवे चाक पुढे फिरवायचे आणि उरलेली दोन मागे. पुढे-मागे ढकलणारी बले एकमेकांना खोडतात, आडवी तेवढी उरतात. बलांचा समांतरभुज चौकोन फळ्यावर शिकवायला मला अर्धा तास लागतो. ही गाडी तो एका मिनिटात शिकवते.

परंतु एक चाक चुकून भलत्या कोपऱ्यात बसले की गाडी भलतीकडेच निघते. आमच्या सभागृहात शहाबादी फरशी आहे. तिच्यावर धूळ असली की हे रूळ घसरतात. चाक फिरते, चकती खाचा मोजते, आज्ञावली म्हणते आपण दोन मीटर आलो, आणि प्रत्यक्षात गाडी दीड मीटरवरच असते. मोजणी बरोबर आणि प्रवास चूक! आपल्या संस्थांच्या अहवालांतही कधी कधी असे होते. बैठका मोजल्या जातात, अंतर मोजायचे राहते. (हशा) असो.

आणखी एक प्रसंग सांगतो. सहावीतल्या एका मुलीची गाडी सुरू झाली की लगेच थांबे, पुन्हा सुरू होई, पुन्हा थांबे. मोठ्या मुलांनी आज्ञावली तपासली, चूक नव्हती. ती मुलगी शांतपणे गाडीपुढे बसून राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "सर, चाक हललं की कार्डावरचा बारका दिवा पहिल्यासारखा लुकलुकतो. म्हणजे तिला दर वेळी परत पहिलीपासून शाळेत घालावं लागतंय." तिचे निदान अचूक होते. मोटर जागची हलताना नेहमीच्या कित्येक पट वीज ओढते. चौकोनी, छोट्या ९ व्होल्टच्या बॅटरीला ते झेपत नाही, दाब कोसळतो आणि कार्ड नव्याने सुरू होते. मोटरींना वेगळी, दमदार बॅटरी दिली, दोन्ही बॅटऱ्यांच्या ऋण टोकांची तार एकत्र केली आणि गाडी चालू लागली. त्या मुलीने पुस्तक उघडले नव्हते. तिने केवळ नीट पाहिले होते.

सुकाणू धरणारा माणूस

काळ्या पट्टीवरून चालणारा रोबो हा या छंदातला पहिला धडा. पट्टीच्या डावी-उजवीकडे दोन संवेदक लावायचे. डावा काळ्यावर आला की डावीकडे वळायचे, उजवा आला की उजवीकडे. अशी गाडी चालते खरी, पण झोकांड्या खात. तिला सरळ चालवायचे तर चूक किती आहे तेही कळले पाहिजे. थोडी चूक, थोडे वळण. मोठी चूक, मोठे वळण.

निकोलस मिनोर्स्की या अभियंत्याने १९२२ साली जहाजांच्या सुकाणूविषयी एक निबंध प्रसिद्ध केला. अनुभवी सुकाणूधर काय करतो, याचा त्याने विचार केला. तो केवळ आताची चूक पाहत नाही. मघापासून जहाज सतत एकाच बाजूला ओढले जात आहे का, हे तो ध्यानात ठेवतो आणि चूक किती वेगाने वाढते वा घटते आहे हे पाहून पुढचा अंदाज बांधतो. वर्तमान, भूत आणि भविष्य या तिन्हींचा मेळ घालून तो सुकाणू वळवतो. हेच गणित आज कारखान्यातल्या भट्टीपासून मुलांच्या रोबोपर्यंत सर्वत्र वापरले जाते. भूतकाळाला फार वजन दिले तर गाडी जुन्याच चुकीची भरपाई करत पट्टी ओलांडून जाते. भविष्याच्या अंदाजाला फार वजन दिले तर बारीकशा खरखरीनेही ती थरथरू लागते. तिन्हींचे प्रमाण प्रत्येक गाडीसाठी हातानेच जुळवावे लागते.

पराभव की विजय?

आता मी माझ्या चुकीकडे येतो.

आमच्या वर्गात आठवीतला एक मुलगा होता. वडिलांचे मोटर रिवाइंडिंगचे छोटे दुकान. मुलाचा हात वडिलांसारखाच नेमका. त्याने पट्टीवरून चालणारा पाच संवेदकांचा सुंदर रोबो केला होता. हे संवेदक अवरक्त प्रकाश खाली टाकतात. पांढरी जमीन तो परत पाठवते, काळी पट्टी गिळते. सभागृहात पांढऱ्यावर आकडा शंभरच्या आत येई आणि काळ्यावर आठशेच्या वर. त्याने आज्ञावलीत मध्यावरचा ५०० हा आकडा लिहून ठेवला होता. पाचशेच्या खाली तो पांढरा, वर तो काळा. महिनाभर रोबो एकदाही चुकला नव्हता.

पुढे एक प्रदर्शन होते. आदल्या दिवशी दुपारी चारला आम्ही मांडवात चाचणीसाठी गेलो. तिरपे ऊन पट्टीवर पडले होते. रोबो दोन पावले गेला आणि सरळ मैदानाकडे निघाला. पुन्हा ठेवला, पुन्हा तेच. सूर्यप्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात. उन्हाने संवेदक दिपले होते आणि काळ्या पट्टीवरही आकडा तीनशेच्या आसपास येत होता. पाचशेच्या खाली ते सारे पांढरे! रोबोच्या दृष्टीने पट्टी जगातूनच नाहीशी झाली होती.

मुलाचा चेहरा उतरला. तो म्हणाला, "सर, मी सकाळी लवकर येऊन बघतो." मी म्हटले, "तू जा घरी, मी बॅटरी चार्ज करून ठेवतो," आणि रोबो घरी नेला. रात्री मी बसलो. संवेदकांवर काळ्या कागदाचे छपर लावले. आज्ञावली बदलली, सुरुवातीला रोबोने त्या जागचे पांढरे व काळे वाचावे आणि मधला आकडा स्वतः काढावा, अशी सोय केली. दीड तासाचे काम. माझा हेतू वाईट नव्हता. पोराचे महिनाभराचे कष्ट वाया जाऊ नयेत, एवढेच मनात होते.

दुसऱ्या दिवशी रोबो उन्हात सुरेख धावला. पहिले बक्षीस मिळाले. टाळ्या झाल्या, छायाचित्र निघाले. मी धन्य झालो.

पुढच्या रविवारी तो मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. तिसऱ्या आठवड्यात मी त्याच्या वडिलांच्या दुकानात गेलो. वडील तांब्याच्या तारेचे वेढे घालत बसले होते. म्हणाले, "सर, तुम्ही आलात, बरं झालं. ते बक्षीस त्यानं भिंतीला लावू दिलं नाही. कपाटामागं टाकलंय. विचारलं तर बोलत नाही."

मुलगा आत होता. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, परीक्षकांनी विचारलं होतं, उन्हात कसा काय चालला? मला माहीतच नव्हतं. मी म्हटलं, सेन्सर नवीन आहे."

बंधू-भगिनींनो, कारखान्यात मी वरिष्ठांची बोलणी खाल्ली आहेत, पण त्या एका वाक्यासारखे दुसरे काही मला लागले नाही. संवेदक नवीन नव्हता. मी त्या मुलाला नकळत खोटे बोलण्याच्या जागी नेऊन उभे केले होते. रोबो दुरुस्त करताना मी त्याचे अपयश त्याच्यापासून चोरले होते, आणि त्याबरोबर ते सुधारण्याचा त्याचा हक्कही.

मी तेथेच त्याची क्षमा मागितली. रोबोवरचे कागदाचे छपर काढले, माझी आज्ञावली पुसली, त्याचीच जुनी पुन्हा भरली आणि म्हटले, "हा तुझा रोबो. उन्हात चालत नाही. आता पुढचं तू बघ."

बापाची युक्ती

त्यानंतर तीन आठवडे तो दुकानासमोरच्या ओट्यावर बसत होता. वहीत तक्ता केला: सकाळी आठ, दुपारी बारा, सायंकाळी चार, पांढऱ्यावर किती, काळ्यावर किती, ढग असताना किती. त्याच्या ध्यानात आले की मधला आकडा एकदा काढून भागत नाही, कारण ऊन सरकते, ढग येतात. म्हणजे माझी दुरुस्तीसुद्धा अर्धवटच होती! प्रदर्शनाच्या दिवशी ऊन स्थिर होते म्हणून ती चालून गेली, इतकेच.

वडील काम करता करता हे पाहत होते. ते पूर्वी मला नेहमी म्हणायचे, "सर, यातलं आपल्याला काही कळत नाही." एके दिवशी त्यांनी मुलाला विचारले, "तुझ्या त्या सेन्सरचा स्वतःचा दिवा बंद करता येतो का? आम्ही भरलेली मोटर आधी रिकामी चालवून अँपिअर बघतो, मग लोड देऊन बघतो. दोन्हींतला फरक तो लोडचा. तू पण दिवा बंद करून एकदा बघ, लावून एकदा बघ. बंद असताना दिसेल ते उन्हाचं. फरक पडेल तो आपला."

मित्रहो, मोठमोठ्या उपकरणांत बाहेरचा प्रकाश वजा करण्यासाठी हीच पद्धत वापरतात. सातवीनंतर शाळा सुटलेल्या त्या कारागिराने ती आपल्या कामातून आपल्या मुलाला दिली. दोघांनी मिळून संवेदकाच्या दिव्याची तार सोडवली, ती एका ट्रान्झिस्टरमार्फत कार्डाच्या ताब्यात दिली. डाग बापाने दिला, आज्ञावली पोराने लिहिली. संवेदक पुरता दिपू नये म्हणून कागदाचे छपर लावावे लागले, पण ते का लावायचे हे आता त्याला ठाऊक होते. रोबो ऊन, सावली, ढग, सगळ्यांत चालला. या वेळी बक्षीस नव्हते, मांडव नव्हता. दुकानापुढे शेजारचे चार दुकानदार उभे होते. एकाने विचारले, "हे उन्हात कसं काय चालतं रे?" आणि तो मुलगा वही उघडून पंधरा मिनिटे सांगत राहिला. वडिलांनी हातातले काम खाली ठेवले होते.

आपण काय करावे?

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवीय प्रदेशानजीक उतरले. त्यातून २६ किलो वजनाची, सहा चाकांची 'प्रज्ञान' गाडी बाहेर आली. २७ ऑगस्टला तिच्यापुढे तीन मीटरवर चार मीटर व्यासाचा खड्डा दिसला. शास्त्रज्ञांनी तिला आल्या वाटेने मागे फिरण्याची आज्ञा दिली आणि ती सुखरूप नव्या वाटेला लागली. साऱ्या देशाने ते पाहिले. पण २०१९ साली चांद्रयान-२ चे उतरणे फसले होते, हे विसरू नका. चार वर्षे त्या अपयशाचा आकडा आकड्याने हिशेब मांडला गेला, म्हणून २०२३ चे यश आले. कोणी रात्रीतून गुपचूप दुरुस्त करून दिलेले ते यश नव्हते.

आज साधनांची वाण नाही. २०१६ पासून नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने देशभरातील दहा हजार शाळांत अटल टिंकरिंग प्रयोगशाळा दिल्या आणि २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी ५० हजारांची घोषणा झाली. पुण्यात २००८ साली आशिया-पॅसिफिक देशांतील महाविद्यालयांची रोबोकॉन स्पर्धा झाली, तेव्हा तिचा विषय आपली दहीहंडी हा होता! २०१४ साली ती पुन्हा पुण्यात झाली. दारापर्यंत गंगा आली आहे. प्रश्न एवढाच आहे की आपण घागर घेऊन जाणार, की बाटलीबंद पाणी विकत आणून गंगास्नानाचे छायाचित्र काढणार?

म्हणून पालकांना आणि कार्यकर्त्यांना माझ्या चार विनंत्या आहेत.

पहिली: सर्व सुटे भाग मोजून दिलेला आणि चित्राप्रमाणे जोडायचा महागडा संच आणू नका. एक कार्ड, दोन मोटरी, दोन चाके आणि एक संवेदक एवढ्यावर वर्षभर शिकता येते. पहिला संवेदक कुठे कुठे फसतो हे वहीत लिहिल्याशिवाय दुसरा घेऊन देऊ नका.

दुसरी: वही. रोबोपेक्षा वही मोलाची. जे चालले ते लिहाच. जे चालले नाही ते तारीखवार लिहा.

तिसरी: आपल्या वस्तीतल्या रिवाइंडिंगवाल्याला, सुताराला, लेथवर काम करणाऱ्याला रविवारी वर्गात बोलवा आणि त्याला पाहुणा म्हणून नव्हे, शिक्षक म्हणून बसवा. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर काम करणारा वरचा, ही समजूत आपल्या घराघरांत अजून आहे. समरसता आपण भाषणात पुष्कळ वेळा उच्चारतो. डाग देण्याच्या इस्त्रीभोवती ती आपोआप घडते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथी आणि सर्वांत अवघड: मुलाचे अपयश त्याच्या हातातून काढून घेऊ नका. प्रकल्प आईने रंगवलेला, बाबांनी जोडलेला आणि मुलाने फक्त उचलून नेलेला, असे प्रदर्शन आपण सर्वांनी पाहिले आहे. मीही त्यातलाच एक झालो होतो. जवळ बसा, दिवा धरा, प्रश्न विचारा. पेचकस मात्र त्याच्याच हातात राहू द्या.

तो मुलगा आज अभियांत्रिकीच्या वर्गात आहे. सुट्टीत आला की रविवारी आमच्या सतरंजीवर बसतो आणि लहानांना शिकवतो. परवा एका चिमुरड्याचा रोबो चालेना. रडवेला होऊन त्याने तो या दादापुढे धरला. माझा हात सवयीने पुढे गेला. या मुलाने हळूच माझा हात बाजूला केला, रोबो त्या लहानग्याच्या मांडीवर परत ठेवला आणि विचारले, "आधी सांग, तुला काय दिसलं?"

मला वाटते, माझ्या वर्गाला मिळालेले एकमेव प्रमाणपत्र ते आहे.